शिवा, हाय का?

पाण्याला भिणारी माणसं जगात रग्गड आहेत, पण ज्याला पाहून पाणीच जरा सावरून बसतं असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा, आमचे फुफाजी. सानगडीच्या पलीकडे अर्ध्या तासाच्या सायकलवाटेवर त्यांचं गाव. गाव एवढंसं आणि तलाव मात्र असा की पहिल्यांदा येणाऱ्याला वाटावं, तलाव आधी आला आणि गाव त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नंतर चिकटलं. फुफाजी त्या तलावाचे पाणकर, म्हणजे कोणाच्या धानाला कधी आणि किती पाणी सोडायचं ते ठरवणारे. अंगानं तुराटी, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर दुपट्टा आणि नजर कायम समोरच्या माणसाच्या पलीकडे कुठंतरी ओलाव्याच्या शोधात. ते पाळीवर चढले की बेडूक गप्प व्हायचे. बायको म्हणते, ही तुमची अतिशयोक्ती आहे. असेल बुवा. पण ती पहिल्यांदा सासरच्या माणसांना भेटायला त्या गावी आली तेव्हा संध्याकाळी पाळीवर तिनंच माझा हात घट्ट धरून विचारलं होतं, "एकदम एवढं शांत काहून झालं हो?"

फुफाजी पाण्याकडे पाठ करून कधी बसत नसत. लोटा बुडवण्याआधी "येतो जी" म्हणत, घरच्या रांजणातला लोटासुद्धा. पाण्यात गुडघ्याच्या वर कधी उतरत नसत. एक घोट तोंडात घोळवून ते पाणी कोणत्या तलावाचं ते सांगत, आणि त्यापुढे जाऊन पाण्याच्या मनात काय आहे तेही सांगत, हे मात्र जरा जड जायचं. कोंढ्याला एका लग्नात पंगतीत बसले, पहिला घोट घेतला आणि भरल्या मांडवात म्हणाले, "या विहिरीत कोणाचं तरी काहीतरी अडकून राहिलं हाय." मुलीकडचे तापले. वऱ्हाडी पाणी प्यायचे थांबले. उन्हाळ्याचे दिवस, चारशे माणूस, नुसता मठ्ठा पिऊन कसंबसं लग्न लागलं. पुढं पावसाळ्याच्या तोंडी त्यांनी विहिरीचा गाळ काढला तर नवरीच्या मेलेल्या आजीची पितळी लोटी निघाली, सात वर्षांपूर्वी हरवलेली. लोटी सापडली म्हणून मुलीच्या बापानं फुफाजींना निरोप धाडला, पण पुन्हा कुठल्या कार्याला बोलावलं मात्र नाही. मीही बोलावलं नसतं.

हे सगळं कशापायी, ते आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. फुफाजींना एक धाकटा भाऊ होता, शिवा. तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं एक तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. लाकडाचा गुट्टा ठोकून ते बंद ठेवतात, आणि उघडायचं असलं की एकानं बुडी मारून तो गुट्टा काढायचा. एक खाली पाण्यात, एक वर पाळीवर. वरचा हाक देतो, "हाय का?" आणि खालचा पाण्याबाहेर डोकं काढून म्हणतो, "हाव!" आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात. नियम असा की खालून हाव आल्याशिवाय वरच्यानं पाळ सोडायची नाही, मग पाऊस येवो की वाघ येवो. एका वर्षी धान गर्भात असताना शिवा खाली गेला, फुफाजी वर उभे. गुट्टा निघाला, पाणी नहरात धो धो पडू लागलं, आणि हाव काही आली नाही. फुफाजी दिवस बुडेपर्यंत हाका देत राहिले. मग चौघांनी त्यांना उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी शिवाचं अंग सापडलं, क्रियाकर्म रीतीनं झालं. पण फुफाजींच्या लेखी काम अर्धंच राहिलं. "अंग भेटलं," ते म्हणत, "पण हाव नाही भेटली. अन् मी पाळ सोडली."

त्यांचं म्हणणं असं होतं, आणि ते इतक्या साध्या सुरात असायचं की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यायचा. "शिवानं हाव म्हटलीच असन. थो नियमाचा पक्का. पण पाण्यात म्हटली, त पाण्यासंगं गेली. कोठीतरी असनच नं?" मरण्याआधी ती एक हाव कानांनी ऐकायची, बस्स, दुसरं काही म्हणून त्यांना देवाकडे मागायचं नव्हतं. त्यामुळे पाणी दिसलं की फुफाजी उभे राहत, वाकत आणि हाक देत, "शिवा, हाय का?" मग मान तिरपी करून ऐकत. विहिरीत, शेतातल्या बोडीत, पवनीच्या घाटावर वैनगंगेत, हापशीच्या तोंडाशी. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मीही त्यांच्या बाजूला उभा राहून ऐकत असे. काही ऐकू यायचं नाही. पण काही ऐकू येत नाही हेसुद्धा किती मोठ्यानं ऐकू येतं, ते मला तिथं कळलं.

पुढं मी जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला लागलो, क्वार्टर मिळालं, बायको तिथल्याच शाळेत भूगोल शिकवायला लागली. फुफाजी आत्याबाईला घेऊन चार दिवस राहायला आले. सकाळी मागच्या दारी सिमेंटच्या टाक्याशी गेले, वाकले, आणि सवयीनं विचारलं, "शिवा, हाय का?" आता शेजारच्या क्वार्टरमध्ये शिवनाथ नावाचे एक बिहारी गृहस्थ होते, आणि ते नेमके भिंतीपलीकडच्या मोरीत आंघोळीला बसलेले. त्यांनी आतून खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "हाँ हाँ, हैं! कौन है भाई?" फुफाजी जागच्या जागी पांढरेफटक. मी धावत गेलो, मला वाटलं आता हे कोसळतात. तर हे हळूच माझ्याकडे वळून म्हणतात, "भाषा आपली नाही बापू. दुसऱ्या कोणाचा भाऊ दिसते." शिवनाथबाबूंना मी पुढं खरं काय ते सांगितलं, आणि चूक केली, कारण त्या माणसानं महिनाभर मोरीचं दार उघडं ठेवून आंघोळ केली.

एकोणऐंशी साल असेल. पुण्याला माझ्या मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं. बायकोच्या भावाची राईस मिल होती आणि त्या मिलच्याच वयाची एक अॅम्बॅसेडर होती. ती गाडी ड्रायव्हरसकट आम्हाला मिळाली. लग्न आटोपून अलिबागला एक मुक्काम करायचा, समुद्र बघायचा, असं ठरलं. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता, भूगोल शिकवणाऱ्या बाईनंसुद्धा. ही बातमी कशी कोण जाणे सानगडीपलीकडे पोचली, आणि निघायच्या आदल्या दिवशी फुफाजी आत्याबाईला घेऊन, अंगात नवी कोरी बंडी घालून दारात हजर. जन्मात कधी नागपूरच्या पुढं न गेलेला माणूस. मी म्हटलं, "फुफाजी, लग्नाले येता का?" ते म्हणाले, "लग्नाचं तुमचं तुम्ही पाहा. सगळं पाणी शेवटी जिथं जाते, तिथं मले नेऊन सोड."

त्या प्रवासाचं काय सांगू! लागेल त्या नदीवर गाडी थांबवायची. वर्धा नदीवर हाक, पूर्णेवर हाक, गोदावरीवर तर पुलावर उतरून ओळीनं सहा हाका, मागं ट्रकवाल्यांचे हॉर्न. आमचा ड्रायव्हर पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्यानं हनुमानाचा फोटो आरशाला टांगला. आत्याबाई मात्र मागच्या सीटवर पान लावत बसलेली. ती एकदाच म्हणाली, "तीस वर्सं झाली बापू मह्या लगनाले. हा माणूस एक रात उताणा होऊन झोपला नाही. कुशीवर, एक कान वर." बोलता बोलता तिच्या हातचं पान तसंच राहिलं, आणि मी पुन्हा कुठल्या नदीवर कुरकुर केली नाही.

अलिबागला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले असतील. किनाऱ्यावर सुरूची झाडं, त्यांच्यामधून आम्ही धडपडत पुढं आलो, आणि समुद्र नव्हता. म्हणजे लांब कुठंतरी एक पांढरी रेघ होती. बाकी नुसती ओली, चकाकणारी रेती, तिच्यावर कलंडून पडलेल्या होड्या, आणि मधोमध, उघड्या पडलेल्या त्या तळावर, काळा किल्ला. भर उन्हात कुठं चिटपाखरू नाही. कोणीतरी घाईघाईनं घर रिकामं करून गेल्यावर मागं राहतं तसं ते सगळं दिसत होतं. फुफाजींनी ते पाहिलं मात्र. "तुडुम कोणं उघडलं?" ते ओरडले. "अरे, येवढं पाणी! धानाची वेळ नाही, काही नाही, अन् सोडून देलं! पाणकर कोठी हाय इथला?"

जवळच्या टपरीवरच्या चहावाल्यानं त्यांना बसवलं. "अहो आजोबा, ओहोटी आहे ही. दिवसातून दोनदा जातं, दोनदा येतं. आता चालत किल्ल्यात जाऊन या, आत गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचं देऊळ आहे. पण दोनच्या आत परत फिरा हां! पाणी भरलं की अंधार पडेपर्यंत तिथंच अडकाल." फुफाजींनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे थे परत येते?" त्यांनी विचारलं. "रोज येतं," चहावाला म्हणाला. फुफाजींचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. गेलेलं पाणी परत येतं ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात त्यांना कोणी सांगितली नव्हती.

ते पुढं निघाले तेव्हा बायकोनं माझी बाही ओढली. "अहो, एक सांगू का? आपली वैनगंगा इकडं नाही येत. ती गोदावरीत जाते आणि गोदावरी तिकडं आंध्रात, पूर्वेच्या समुद्रात. हा समुद्रच तो नव्हे. यांच्या तलावाचा एक थेंब इथं यायचा नाही." मी उभाच राहिलो. बरोबर होतं, शाळेत मीही तेच शिकलो होतो, आणि हजार किलोमीटर येईपर्यंत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. समोर फुफाजी धोतर खोचून ओल्या रेतीवरून असे चालले होते की जणू गावाकडून कोणी घ्यायला येणार आहे. मी म्हटलं, "बाई गं, हे त्यांना सांगितलंस तर तुला माझी शपथ आहे." ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मला काय काळीज नाही?"

किल्ल्यात आमच्याखेरीज कोणी नव्हतं. फुफाजींनी विहिरीचं पाणी चाखलं, गोड लागलं, तर ते दचकून मागे सरले. मग बाहेर येऊन तटाचे दगड चाचपले. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले, मध्ये चुना नाही. आणि त्या दगडांच्या फटींमधून, खालून कुठून तरी आवाज येत होता. पाणी वळलं होतं. ते अजून दिसत नव्हतं, पण तटाच्या पोटात शिरून ते घोट घ्यायला लागलं होतं, थांबत होतं, पुन्हा घोट घेत होतं, आणि मधेच काहीतरी पुटपुटल्यासारखं करत होतं. बायकोनं पदर घट्ट ओढून घेतला. फुफाजी म्हणाले, "पाहा, बोलून राहिलं. इथं सगळ्याईचं हाय. खारातलं लोणचं सडते का बापू? तसं. एवढ्या खारात माणसाची हाकही सडत नाही." मग पश्चिमेच्या तटावर चढले, मोकळ्या समुद्राकडे तोंड केलं आणि पहिली हाक दिली. "शिवाऽ, हाय काऽ?"

एक वाजला. दीड वाजला. पांढरी रेघ जवळ आली, रुंद झाली. वारा पडला होता. फुफाजी हाक देत, ऐकत, पुन्हा हाक देत. मी वर जाऊन म्हटलं, "फुफाजी, चला आता." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक डाव पाळ सोडली म्या. आता नाही सोडत. तुमी जा." बंडी घामानं पाठीला चिकटलेली, मान तिरपी, एक कान समुद्राला दिलेला. हा माणूस हाव आल्याशिवाय इथून हलणार नाही, आणि हाव येणार नाही, कारण ती असलीच तर दुसऱ्याच समुद्रात आहे, हे मला कळत होतं आणि त्यांना सांगता येत नव्हतं. पाणी आत शिरलं तर काय, हे पडले तर काय, हाक देता देता छातीत कळ आली तर काय! मला त्यांचा राग आला, शिवाचा राग आला, आणि रडूही आलं, ते सगळं एकदमच.

खाली आलो तर आत्याबाई पायरीवर बसलेली. तिनं मला जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाली, "बापू, तू दे."

"काय देऊ?"

"हाव. तू देऊन टाक रे बापा. मह्यानं होत नाही, मही बाईमाणसाची हाक. तीस वर्सं झाली. आता कोणंबी देली त चालते."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. बुरुजाच्या पोटात एक अंधारी कोठडी होती आणि तिला समुद्राच्या बाजूला हातभर झरोका. आत शिरलो. पायाखाली दगड ओले होते. खाली पाणी घोट घेत होतं, आणि मग ते थांबलं, अगदी थांबलं, जणू खाली कोणी श्वास धरून बसलं आहे. वरून हाक आली, "शिवाऽ, हाय काऽ?" फॅक्टरीत इमानदार म्हणून नाव असलेला मी माणूस, झरोक्याला तोंड लावून, भीतीनं डोळे मिटून ओरडलो, "हाऽव!" त्या दगडी पोकळीत आवाज असा फुटला की माझाच मला ओळखू येईना. मी तसाच बाहेर पळालो.

फुफाजी पायऱ्या उतरत होते. हळू, एकेक पायरी धरून. खाली आले, तटाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "चला बाप्पा. पाणी येऊन राहिलं." परत जाताना पाणी कमरेला लागलं. जन्मभर गुडघ्याच्या वर न भिजलेला माणूस आत्याबाईचा हात धरून कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे आला, आणि टपरीवर दोन कप चहा प्यायला. गाडीत बसल्यावर मागं मान टाकून तोंड उघडं टाकून जो झोपला, तो खोपोलीचा घाट चढून गेलो तरी उठेना. आत्याबाई वाटभर त्यांच्याकडे बघत होती. ड्रायव्हरनं हॉर्न म्हणून वाजवला नाही.

त्यानंतर फुफाजी कुठल्याच पाण्याला हाक देईनात. लोक म्हणत, म्हातारा सुधरला. मला मात्र गावी जायला जीव धजेना. वाटायचं, एवढा नवलाचा माणूस, त्याला आपण एका खोट्या शब्दानं मिटवून टाकलं. आता ते पाळीवर बिडी ओढत इतर म्हाताऱ्यांसारखे पीकपाण्याच्या गप्पा मारत, आणि बेडूक खुशाल ओरडत. मी जाणं टाळत गेलो. चूक माझी होती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आत्याबाईचा निरोप आला, तेव्हा गेलो. फुफाजी खाटेवर उताणे पडले होते, पार वाळून गेलेले. आत्याबाई पाणी तापवायला गेली तसा मी त्यांचा हात धरला आणि सात वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "फुफाजी, मले माफ करा. त्या किल्ल्यात हाव मी देली होती."

"मालूम हाय नं," ते म्हणाले. "तुहा आवाज का मले ओळखू येत नाही? येवढासा होता तवापासून आयकून राहिलो."

"मंग निघाले काहून तिथून?"

ते जरा हसले. मग डोळे माझ्यावर रोखून, अगदी हळू म्हणाले, "एक विचारतो, खरं सांगजो. तू किती डाव वरडला होता?"

बाहेर आत्याबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "एकच डाव, फुफाजी."

"मंग बरोबर हाय. म्या दोन आयकल्या," ते म्हणाले, आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेऊन छातीवर ठेवला. चौथ्या दिवशी ते गेले. आत्याबाई सांगत होती, झोपेतच गेले, उताणे.

आता खरं सांगायचं तर मी किती वेळा ओरडलो होतो ते मला आठवत नाही. त्या खाटेजवळही आठवत नव्हतं. घाबरलेला माणूस एकदा ओरडतो, दोनदा ओरडतो, दगडही आवाज परत देतात. बायकोला विचारलं तर ती म्हणते, मला तर लाटांखेरीज काहीच ऐकू आलं नाही. फुफाजींनी विचारलं आणि माझ्या तोंडून 'एकच' निघून गेलं. ते खरं असेल तर चांगलंच आहे. खोटं असेल तर त्याचं जे काय पाप असेल ते माझ्या माथी, मी ते आनंदानं भोगीन.